कारण नावाचा रकाना

उपग्रहातून गेर दिसतं शर्टाच्या बटणाएवढं.
नमद्याचं घर, पांढरं, गोल.
डोंगराच्या अंगरख्याला अशी आठ हजार बटणं
मी एकेक करून टाकली आहेत,
डाव्या हातात खारट चहा, उजव्या हातात माऊस.

पाणी मिळतं निळ्या पत्र्याच्या टपरीवर.
प्रत्येक टपरीभोवती मी पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं.
बटण आत पडलं तर हिरवं,
बाहेर राहिलं तर लाल.
उलानबातरच्या पालिकेला लाल मोजून हवं होतं,
लाल मोजलं की पैसे मागता येतात.

तेमूलेनचं बटण हिरवं होतं.
तरी त्याच्या वर्गशिक्षिकेचं पत्र आलं:
पाण्याला जातो म्हणतो,
आणि दुसऱ्या तासाला उगवतो.
एवढं कुठलं हो पाणी?

म्हणून मी जीपीएस घेऊन त्याच्या मागे निघाले.
उणे एकतीस.
कोळशाचा धूर गुडघ्यांपासून वर.
हातगाडीवर वीस लिटरचे दोन कॅन, रिकामे,
एकमेकांवर आपटत बोलत होते; तो बोलत नव्हता.

संगणक चालतो नाकासमोर.
मधली घळ त्याला दिसत नाही,
घळीत गोठलेलं सांडपाणी तर नाहीच.
तेमूलेन आधी डावीकडे वळला.
का रे?
‘बात्सुखांचा कुत्रा. साखळी लांब आहे.’
मग उजवीकडे, एक अख्खं कुंपण वळसा घालून.
का?
‘त्या दुकानात आईची उधारी आहे.’
मग उतारावर गाडी पुढे न ढकलता
उलटी धरून, पाठीने,
टाच रोवत, इंच इंच.
हे विचारावं लागलं नाही. मीच दोनदा पडले.

भरलेले कॅन घेऊन परत येताना
टेकाडावर तो थांबला.
धूर तिथे खाली राहतो.
दक्षिणेला खाणीचा रस्ता, त्यावर ट्रकांचे दिवे,
काळ्या कापडावर टाचण्या टोचाव्यात तसे.
मी विचारलं, दमलास?
तो म्हणाला, ‘नाही.’
आणि ओठ हलवत मोजत राहिला.

कार्यालयात रेघ उलगडली.
वर्तुळ म्हणत होतं चारशे तीस मीटर,
पावलं म्हणत होती बाराशे नव्वद.
मी तक्त्याला एक नवा रकाना जोडला: कारण.
पहिल्या वळणापुढे लिहिलं, कुत्रा.
दुसऱ्यापुढे, उधारी.
तिसऱ्यापुढे, बर्फ.
सेलेंगेबाई चष्मा वर करून हसल्या,
‘कुत्र्याचा थर कुठल्या खात्याकडून मागवायचा गं?’
पण सही केली.
आणखी चाळीस मुलांच्या मागे आम्ही चाललो.
लाल बटणं दुपटीच्या वर गेली.

टेकाडावर मात्र बिंदूंचा ढीग होता,
गुळाच्या खड्यावर मुंग्या जमाव्यात तसा.
अकरा मिनिटं, एकाच जागी.
पद्धत अशी, की थांबलेले बिंदू गाळायचे;
थांबणं म्हणजे यंत्राची चूक.
मी गाळले.
खरं सांगायचं तर, गाळण्याआधी
एक प्रत माझ्याकडे ठेवली.
त्या प्रतीत कारणाचा रकाना रिकामा आहे.

वैशाखात घळीच्या अलीकडे नवी टपरी आली.
तेमूलेनची वाट आता दोनशे मीटर,
कुत्रा नाही, उतार नाही,
दुकान विरुद्ध बाजूला.
परवा शिक्षिकेचा फोन आला,
नाराज होत्या:
टपरी दिलीत, तरी पोरगा उशिराच येतो,
फार नाही, दहा-बारा मिनिटं.
तुमच्या नकाशात काही दिसतं का?

मी स्क्रीनकडे पाहत म्हणाले,
नाही बाई, नकाशात काही नाही.